सेल्युलर जेल उरकून टाकू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी जवळ आली की आपल्या पानांवर अंदमानच्या सहलींच्या जाहिराती दिसू लागतात. राजारामपुरी, शाहूपुरी, गंगावेस, कुठल्याही पेठेत विचारा, ओळखीतलं एखादं तरी कुटुंब जाऊन आलेलं असतं. याचा मला आनंदच आहे. आमच्या लहानपणी अंदमान म्हणजे शिक्षेचं नाव होतं, आज तिथे मध्यमवर्गी माणूस नातवंडांना घेऊन जातो. पण जाहिरात नीट वाचा. वर हॅवलॉकचा किनारा, स्कुबा, काचेच्या तळाची बोट, आणि खाली बारीक अक्षरात ‘सेल्युलर जेल व लाइट अँड साउंड शो’. सहलीतही त्याला तेवढीच जागा मिळते. संध्याकाळच्या शोची तिकिटं काढलेली असतात, म्हणून त्याच्या आधी तास-दीड तास जेल ‘करून घ्यायचं’.

आम्ही उभयता कोल्हापूरच्याच एका ग्रुपबरोबर जाऊन आलो. त्या तासा-दीड तासात आमच्यातली बहुतेक मंडळी धापा टाकत जिने चढली, सावरकरांच्या कोठडीपुढे चपला काढून नमस्कार केला, फाशीघरात डोकावली आणि मग अंगणात कोलूपाशी, म्हणजे तेलाच्या घाण्यापाशी, फोटोला उभी राहिली. तिथे कैद्याचा एक पुतळा कोलूला जुंपलेला आहे. एका तरुण जोडप्याने त्या दांड्याला आपलेही हात लावून, हसत, दोन-तीन कोनांतून फोटो काढून घेतले. मी त्यांना काही बोललो नाही. त्यांचा दोष नाही, त्यांना कोणी काही सांगितलंच नव्हतं. पाटीवर ‘तेल काढण्याचा कोलू’ एवढं वाचून कोणाला काय कळणार? मात्र मला ते कळलं. म्हणून हे पत्र, आणि ते लांबलं तर संभाळून घ्यावं.

आमचा तेलघाणा होता. आजोबांच्या आधीपासूनचा, लाकडी, बैलाचा. पुढे पेठेत विजेवरचे घाणे आले तेव्हा वडिलांनी तो मोडला; पण तोवर माझं शाळेआधीचं आणि शाळेनंतरचं सगळं पोरपण त्या घाण्याभोवती गेलं. घाणा म्हणजे काय हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. मध्ये लाकडाचं खोल उखळ, त्यात तिरपी उभी केलेली जाड लाट, लाटेला वरून जोडलेला दांडा आणि दांड्याच्या टोकाशी जुंपलेला बैल. दांड्यावर दगडाचं वजन ठेवतात, नाहीतर लाट नुसती फिरते, दाबत नाही. बैल फिरला की लाट उखळाच्या कडेला दाणा रगडते. सुरुवातीला काम हलकं असतं. शेंगदाणा भरडला जातो, त्याचं पीठ होतं, तोवर बैल सहज चालतो. मग अंदाजाने गरम पाण्याचा हबका मारायचा. त्यानंतर लगदा आवळायला लागतो, तेल सुटायला लागतं आणि पेंड कडेला घट्ट बसते. खरा जोर त्या वेळी लागतो. बैल मान खाली घालतो, खुरं रोवतो, खांद्यावरचं जू कुरकुरतं. आमच्याकडे एका घाणीला दहा-बारा किलो दाणे घालायचे आणि ती निघायला दीड-दोन तास लागायचे. लागोपाठ दोन घाण्या काढल्या की वडील बैल सोडत. गिऱ्हाईक दारात डबा घेऊन उभं असलं तरी. “जनावर आहे, यंत्र नव्हे,” म्हणायचे. सोडल्यावर त्याच्या खांद्याला हात लावून बघायचे. सूज वाटली तर दुसऱ्या दिवशी त्याला सुटी.

सेल्युलर जेलमध्ये एका माणसाने दिवसाला ३० पौंड खोबरेल काढायचं, असा ठराव होता. मोहरी असेल तर १० पौंड. हे आकडे तिथल्या कैद्यांनीच लिहून ठेवले आहेत आणि अभ्यासकांनीही नोंदले आहेत. वाचताना डोळा त्यावरून सरकून जातो. मी तिथे उभा राहून मनाशी हिशेब केला. ३० पौंड म्हणजे साडेतेरा किलोच्या वर तेल. चांगल्या सुक्या खोबऱ्यात साठ टक्क्यांहून जास्त तेल असतं, पण घाण्यातून ते सगळं निघत नाही, काही पेंडीत राहतंच. म्हणजे रोज बावीस-पंचवीस किलो खोबरं रगडायचं. आमच्या बैलाच्या दोन घाण्या. ज्या कामानंतर माझे वडील बैल सोडत होते, ते काम पोटभर अन्न नसलेल्या माणसाने रोज, एकट्याने पुरं करायचं.

आणि ही सुक्या खोबऱ्याची गोष्ट झाली. अंदमानात वर्षातले सात-आठ महिने पाऊस असतो. आम्ही गेलो तेव्हाही हवेत इतका दमटपणा होता की खिशातल्या काडेपेटीची काडी पेटेना. घाणेवाल्याला विचारा, ओलसर खोबरं तेल सोडत नाही. त्याचा चिकट लगदा होतो, तो लाटेला धरतो, दांडा जागचा हलत नाही. लावलेला सगळा जोर वाया जातो. अशा वेळी आम्ही माल परत उन्हात टाकत होतो. त्या कैद्याला ऊन नव्हतं आणि परत टाकायची मुभाही नव्हती. संध्याकाळी तेल मोजलं जायचं आणि कमी भरलं तर शिक्षा. हातबेड्या घालून भिंतीला दिवसच्या दिवस उभं करणं, खाणं तोडणं, आणि त्यापुढे तिकटीला बांधून फटके. ती तिकटीही अंगणात मांडली आहे. तिच्याजवळ मात्र कोणी फोटोला उभं राहत नव्हतं, एवढं बरं वाटलं.

माझी साधी सूचना अशी आहे की त्या कोलूशेजारी एक तराजू ठेवावा. एका पारड्यात ३० पौंडांचं वजन आणि शेजारी बावीस-पंचवीस किलो खोबऱ्याचं पोतं. पोरांना ते उचलून बघू द्यावं आणि दांडाही खरोखर फिरवून बघू द्यावा, आत खोबरं घालून. दहा फेऱ्यांत कळेल. पुतळा कितीही हुबेहूब केला तरी त्याच्या खांद्याला सूज येत नाही.

आता इमारतीविषयी. सेल्युलर जेल १८९६ ते १९०६ या काळात बांधलं, तेही कैद्यांच्याच हातांनी. मध्यभागी मनोरा आणि त्यापासून सायकलच्या आऱ्यांसारख्या निघालेल्या तीन मजली सात इमारती. कोठड्या सुमारे सातशे, प्रत्येकीत एकच माणूस. एका इमारतीचा व्हरांडा दुसऱ्या इमारतीच्या पाठीकडे तोंड करतो, म्हणजे समोरच्या माणसाचा चेहरा दिसायलाच नको. कोठडीला मागच्या बाजूला पार वर एक झरोका. त्यातून उजेड येतो, समुद्र दिसत नाही. रात्रभराच्या विधीसाठी एक लहानसं भांडं आणि दार सकाळीच उघडणार.

आपण जाल तेव्हा कडी जरूर बघा. मी तिथे बराच वेळ थांबलो. दाराची कडी दारावर नाहीच. लोखंडी दांडा दारातून निघून बाजूच्या भिंतीत हातभर लांब जातो आणि कुलूप तिथल्या खोबणीत बसतं. आतल्या माणसाने गजांतून हात खांद्यापर्यंत बाहेर काढला तरी बोटं कुलपाला लागत नाहीत. मी सौ.ला आत उभं करून हात घालायला लावला. तिची बोटं अलीकडेच राहिली. ज्याने हे आखलं तो कारागीर म्हणून पक्का होता. माणसाच्या हाताची लांबी त्याने मोजली असणार, आणि मोजताना त्याला काही वाटलं नसणार. मला त्या इमारतीत सर्वांत जास्त राग त्या खोबणीपाशी आला.

सातपैकी आज तीनच इमारती उभ्या आहेत. १९४२ ते १९४५ जपान्यांच्या ताब्यात बेटं असताना काही पाडल्या गेल्या, स्वातंत्र्यानंतर आणखी काही आपणच पाडल्या. त्या जागेवर गोविंद वल्लभ पंत रुग्णालय उभं राहिलं. बेटांवरच्या लोकांना रुग्णालय हवंच होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण जुने राजबंदी वेळीच उभे राहिले नसते, त्यांनी पाडापाडीला विरोध केला नसता, तर या तीनही राहिल्या नसत्या. पुढे ११ फेब्रुवारी १९७९ ला तेव्हाचे पंतप्रधान मोरारजी देसाई यांच्या हस्ते ते राष्ट्रीय स्मारक झालं. डागडुजी नीट ठेवली आहे, हे मुद्दाम लिहितो. गिलावा, गज, जिने, सगळं धड आहे. म्हातारी माणसंही वरपर्यंत जाऊ शकतात. माझं म्हणणं इमारतीबद्दल नाही, आपण ती कशी बघतो त्याबद्दल आहे.

मनोऱ्याच्या भिंतीवर संगमरवरात राजबंद्यांची नावं कोरली आहेत, प्रांतवार. तिथे आमच्या ग्रुपमधलं कोणी थांबलं नाही. बंगालची नावं संपता संपत नाहीत, मग पंजाब, मग बाकीचे. आपल्याकडची नावं थोडी. बाबाराव सावरकर, तात्याराव सावरकर, नाशिकच्या जॅक्सन खटल्यातले वामन जोशी. तात्याराव ४ जुलै १९११ ला तिथे पोचले तेव्हा थोरले बंधू आधीच आत होते आणि एका तुरुंगात असून दोघांना बराच काळ भेटता आलं नाही. गळ्यात लाकडी बिल्ला, त्यावर सुटकेचं साल १९६०. सावरकरांवरून आपल्याकडे आज जे वाद होतात त्यात मला शिरायचं नाही. कुठल्याही बाजूच्या माणसाने आधी ती कोठडी बघावी, खालचा कोलू बघावा आणि मग बोलावं, एवढंच म्हणेन.

पण त्या कोठडीच्या शेजारी-पाजारी, खालच्या मजल्यांवर, जी माणसं होती त्यांचीही नावं आपल्या तोंडी असायला हवीत. इंदुभूषण रॉय. छळ सोसवेना म्हणून त्यांनी १९१२ मध्ये कोठडीतच गळफास लावून घेतला. उल्हासकर दत्त. अलीपूर बॉम्ब खटल्यातला हा हसतमुख तरुण तिथल्या छळाने मनाने कोसळला. बाबा भानसिंग, पंडित रामरखा. १९३३ च्या मे महिन्यात राजबंद्यांनी उपोषण केलं. मागण्या काय होत्या? कोठडीत दिवा, वाचायला पुस्तक, माणसाने खावं असं अन्न. भगतसिंगांचे सहकारी, लाहोर खटल्यातले महावीर सिंग यांना बळजबरीने नळीतून दूध पाजताना ते फुप्फुसात गेलं आणि १७ मे ला ते गेले. त्याच महिन्यात मोहनकिशोर नामदास आणि मोहित मोइत्र गेले. एवढं झाल्यावर सरकारने दिवा आणि पुस्तकं दिली. जेलसमोरच्या बागेत यांतल्या तिथेच प्राण गेलेल्यांचे पुतळे आहेत. आमची बस त्या बागेच्या कडेलाच उभी होती आणि लोक शहाळी पीत होते. मी सौ.बरोबर एकेक पुतळ्याखालचं नाव वाचत गेलो. महावीर सिंगांपाशी ती म्हणाली, “दुधानं मारलं हो पोराला.” पुढे ती काही बोललीच नाही.

आम्हाला जेल दाखवणारा तरुण तिथलाच, जन्मठेपेच्या कैद्यांच्या वंशातला. शिक्षा भोगून तिथेच राहिलेल्या, तिथेच संसार मांडलेल्या कैद्यांची ही पोरंबाळं. हिंदी बोलतात, जातपात फारशी विचारत नाहीत. पणजोबा उत्तरेकडच्या कुठल्या जिल्ह्यातले, हे त्याला माहीत होतं. गुन्हा विचारला तर म्हणाला, “घरी कोणी विचारलंच नाही.” त्याच्याशी बोलताना लक्षात आलं की या बेटांवर आलेले बहुतेक लोक राजबंदी नव्हतेच. खून, दरोडे, जमिनीच्या मारामाऱ्या, यांतून आलेले साधे कैदी. १९२१ च्या उठावानंतर मलबारातले मोपले आले. जंगल तोडलं या साध्या कैद्यांनी, दलदल भरली त्यांनी, रस्ते, धक्के आणि हे जेल बांधलं त्यांनी. त्यांची नावं संगमरवरावर नाहीत. आणि त्यांच्याही आधी ही बेटं काही रिकामी नव्हती. अंदमानी लोक हजारोंनी होते. वसाहतीबरोबर आलेल्या रोगांनी आणि बंदुकांनी ते मूठभर उरले.

जेल बांधलं १९०६ पर्यंत, पण काळं पाणी त्याच्या जवळजवळ पन्नास वर्षं आधीचं. १० मार्च १८५८ ला तिथल्या वसाहतीचा इंग्रज अधीक्षक डॉ. वॉकर सत्तावनच्या उठावातले २०० कैदी घेऊन तिथे उतरला. पहिल्या काही महिन्यांतच जंगलातून पळायच्या प्रयत्नात सापडलेल्या ऐंशीहून अधिक जणांना त्याने एका दिवसात फाशी दिली. हा इतिहास बघायचा तर जेलबाहेर पडून रॉस आणि व्हायपर बेटांवर जायला हवं. रॉसला (आता नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप) सगळे सहलवाले नेतात, पण हरणं आणि मोर दाखवायला. तिथे साहेबांचं चर्च होतं, बेकरी होती, टेनिसचं मैदान होतं, नाचायचा हॉल होता. आज भिंतींना झाडांच्या मुळांनी कवळा घातला आहे आणि मुळं काढली तर भिंत पडेल अशी अवस्था आहे. साहेबाचा सगळा थाट या बेटावर, आणि समोरच्या किनाऱ्यावर साखळदंडातले कैदी.

व्हायपरला मात्र सहसा कोणी नेत नाही. आम्हालाही नेलं नाही. सेल्युलर जेल व्हायच्या आधीचा साखळदंडाच्या कैद्यांचा तुरुंग तिथे होता, टेकाडावर फाशीघर आहे. व्हाइसरॉय लॉर्ड मेयो ८ फेब्रुवारी १८७२ ला अंदमानात आला असता शेर अली नावाच्या पठाण कैद्याने त्याला भोसकलं. त्या शेर अलीला व्हायपरवर फाशी झाली. साऱ्या ब्रिटिश अमदानीत कैद्याच्या हातून मारला गेलेला व्हाइसरॉय हा एकच. अशी जागा सोडून आम्हाला कुठे नेलं, तर जुन्या वीस रुपयांच्या नोटेवर छापलेला देखावा जिथून दिसतो तिथे. सगळ्यांनी नोट हातात धरून फोटो काढले. ती वाट, तो डोंगर सुंदर आहे, नाही कोण म्हणतं? पण त्याला दिलेला वेळ जेलच्या वेळाएवढा होता, याचं वाईट वाटतं.

त्याच बाजूला माउंट हॅरिएट. २०२१ मध्ये त्याचं नाव माउंट मणिपूर ठेवलं. कारण १८९१ च्या युद्धानंतर मणिपूरचे महाराज कुलचंद्र आणि त्यांची माणसं इथे कैदेत होती. मणिपूरच्या लोकांनी आपली माणसं शोधून काढली, जागा शोधली, तिथे त्यांची आठवण उभी केली. हे ऐकून मला आपलं कोल्हापूर आठवलं. इंग्रजांची रीतच होती ती, राजाला त्याच्या माणसांपासून समुद्रापलीकडे तोडायचं. बहादूरशहाला रंगूनला, ब्रह्मदेशच्या थिबाला आपल्या रत्नागिरीला, कुलचंद्रांना अंदमानला. आणि आपल्या चिमासाहेबांना कराचीला. ३१ जुलै १८५७ ला कोल्हापुरात २७ व्या पलटणीच्या शिपायांनी उठाव केला. डिसेंबरात शहर पुन्हा उठलं, वेशी बंद झाल्या, इंग्रज अधिकारी जेकबने ते मोडून काढलं, माणसं मारली. छत्रपतींचे धाकटे बंधू चिमासाहेब यांच्यावर आळ घेऊन त्यांना कराचीला नेलं आणि १८६९ मध्ये तिथेच त्यांचा अंत झाला. चिमासाहेब चौकातून आपण रोज गाड्या पळवतो. पोरांना विचारा चिमासाहेब कोण, दहातली दोन सांगतील का?

म्हणून माझी शिवाजी विद्यापीठाच्या इतिहास विभागाला आणि आपल्या पुराभिलेखागाराला कळकळीची विनंती आहे. कोल्हापूर संस्थान आणि आसपासच्या जहागिरींतून काळ्या पाण्यावर कोण कोण गेलं, राजबंदी असो वा साधा कैदी, त्यांची एक यादी दप्तरांतून काढावी. गाव, शिक्षा, साल, जमलं तर पुढे काय झालं तेही. एम. ए. करणाऱ्या पाच-सहा मुलांना वर्षभराचं काम होईल. ती यादी मराठीत छापावी, अंदमानला जाणाऱ्या प्रत्येक कोल्हापूरकराच्या हातात द्यावी. आपल्या गावातलं एखादं नाव हातात असेल तर माणूस त्या व्हरांड्यातून जाताना पाय उचलून पळणार नाही.

सहल कंपन्यांना विनंती वेगळी. जेलला एक अख्खा दिवस द्या. सकाळी उघडल्या उघडल्या आत जा, ऊन चढायच्या आधी तिन्ही मजले होतात. दुपारी संग्रहालय, कोलू, फाशीघर. संध्याकाळी शो. त्यासाठी किनाऱ्यावरचा अर्धा दिवस कमी झाला तर कोणी रुसणार नाही, आणि कोणी रुसलं तर त्याला आधीच सांगा. मराठी बोलणारा, तयारी करून आलेला माणूस बरोबर द्या. शो हिंदीत आणि इंग्रजीत असतो. आमच्या ग्रुपमधल्या दोन आज्यांना त्यातलं निम्मंच कळलं. महाराष्ट्र शासनाने मनावर घेतलं तर कानाला लावून ऐकण्यासारखं मराठी निवेदन तयार करणं काही कठीण नाही. व्हायपरला बोटी जात असतील त्या दिवसांत तिथेही न्या. आणि बसमध्ये, जेलला पोचायच्या आधी, पाच मिनिटं सांगा की कोलूवर किती तेल निघायचं, ते काढताना माणसाचं काय व्हायचं. मग दांड्याला हात लावून हसत फोटो काढायचा की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं.

शाळांसाठी अंदमान लांब आणि महाग आहे, हे मला ठाऊक आहे. पण कोलू समजायला अंदमानलाच जायला हवं असं नाही. आमच्या घाण्याची लाट आणि उखळ अजून आमच्या माळ्यावर आहे, दोन दिवसांत उभं करता येईल. कोल्हापुरातल्या किंवा करवीर तालुक्यातल्या कुठल्याही शाळेने बोलावलं तर मी घेऊन येतो. खोबरं आणि तराजू माझा. आठवी-नववीच्या पोरांनी आळीपाळीने तासभर तो फिरवावा, शेवटी तेल तोलावं आणि ३० पौंडांतून वजा करून फळ्यावर लिहावं. पोरांना घरून जास्तीचा डबा आणायला मात्र सांगावं लागेल, भूक फार लागते.

आपला,
एक जुना घाणेवाला,
मंगळवार पेठ, कोल्हापूर
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे. शाळांनी तिथून घ्यावा.)